कोपऱ्यांतील ठिपका

आजचें भाषण गणितावर आहे असें ऐकतांच कित्येकांचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला असेल. तो हात क्षणभर आवरावा, एवढी विनंति आहे. मी कोणी प्रोफेसर नव्हें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालें आणि सारी हयात शाळेंत अंकगणित शिकविण्यांत गेली. आज जें सांगणार आहें तें मी स्वतः वयाच्या साठीनंतर, माझ्या नातीच्या बारावीच्या पुस्तकांतून शिकलों. ज्याला एखादी गोष्ट उशिरां समजली, त्याला ती कोठें अडते हें चांगलें ठाऊक असतें. माझा अधिकार एवढाच.

प्रथम एक जुनी गोष्ट सांगतों. सुमारें ३५ वर्षांपूर्वीं मीं वर्गांत एक उदाहरण घातलें होतें. एका दुकानदारानें मालाची किंमत शेकडा १० वाढविली. त्याच सुमारास त्याचा खपहि शेकडा २० वाढला. तर त्याची एकूण विक्री शेकडा किती वाढली? उत्तर ३२ येतें. मुलांनीं तें काढलेंहि. पण एक मुलगा उभा राहून म्हणाला, “गुरुजी, दहा आणि वीस मिळून तीस होतात. मग हे वरचे दोन कोठून आले?” मीं त्यास म्हटलें, “रीतीनें करून पाहा, बत्तीसच येतात. रीत ती रीत.” मुलगा खालीं बसला. त्यानंतर वर्षभर त्यानें मला एकहि प्रश्न विचारला नाहीं. मीं सांगितलेलें खोटें नव्हतें, पण तें त्याच्या प्रश्नाचें उत्तर नव्हतें. खरें सांगावयाचें तर तें उत्तर मलाच ठाऊक नव्हतें.

तें मला सांपडलें तें नातीच्या वहींत. दोन वर्षांपूर्वीं तिच्या वहींतील एक उदाहरण लाल शाईनें खोडलेलें मीं पाहिलें. क्षचा वर्ग गुणिले क्षची ज्या, म्हणजे हल्लींचीं मुलें जिला साइन म्हणतात ती, अशा राशीचें विकलन करावयाचें होतें. वर्गाचा दर दोन क्ष आणि ज्येचा दर कोटिज्या, हें तिला पाठ होतें. तिनें त्या दोन दरांचा गुणाकार करून मोकळी झाली. “दोन राशींचा गुणाकार आहे, तर त्यांच्या दरांचाहि गुणाकार कां करावयाचा नाहीं?” हा तिचा प्रश्न. मला तो जुना मुलगा आठवला. या खेपेस ‘रीत ती रीत’ असें म्हणावयाचें नाहीं, असें ठरवून मी तिचें पुस्तक घेऊन बसलों.

विकलन म्हणजे काय, हें आधीं पाहूं. एक राशि दुसरीवर अवलंबून असली म्हणजे पहिलीला दुसरीचें फल म्हणतात. चौरसाचें क्षेत्रफळ त्याच्या बाजूवर अवलंबून असतें, तेव्हां क्षेत्रफळ हें बाजूचें फल झालें. बाजू अगदीं थोडी वाढविली, तर क्षेत्रफळ त्या वाढीच्या किती पट वाढतें? ही जी पट, तोच वाढीचा दर, आणि त्यालाच विकलज म्हणतात. मात्र ही वाढ लहान, त्याहून लहान, त्याहूनहि लहान अशी घेत जावयाची आणि पट कोणत्या संख्येकडे झुकते तें पाहावयाचें. १८३२ सालीं ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर यांनीं या शास्त्रावर मराठींत ग्रंथ लिहिला, त्याचें नांव ‘शून्यलब्धि’. लब्धि म्हणजे भागाकार करून हातीं येणारें फळ. वाढ शून्याकडे जात असतांहि जी लब्धि हातीं उरते ती शून्यलब्धि, असा त्या शब्दाचा अर्थ मी मनाशीं धरतों. मला तर या एका शब्दांत सारें शास्त्र आलेलें दिसतें.

आतां गुणाकाराकडे वळूं. येथें फळा नाहीं, म्हणून आपण डोळे मिटून अंगणांतली रांगोळी पाहूं या. एका ओळींत १० ठिपके, अशा ६ ओळी. एकूण ठिपके ६०. आतां प्रत्येक ओळींत एकेक ठिपका वाढवावयाचा आणि एक ओळहि वाढवावयाची. उजव्या हाताला ६ ठिपक्यांची एक उभी ओळ आली. खालीं १० ठिपक्यांची एक आडवी ओळ आली. या दोन नव्या ओळी जेथें मिळतात त्या कोपऱ्यांत मात्र एक जागा रिकामी राहते, तेथें एक ठिपका द्यावा लागतो. एकूण वाढ ६, १० आणि १, म्हणजे १७. पडताळा सोपा आहे. ११ गुणिले ७ बरोबर ७७, आणि ७७ म्हणजे ६० वर १७.

माझ्या नातीच्या रीतीनें काय झालें असतें? एकाची वाढ १, दुसऱ्याची वाढ १, त्यांचा गुणाकार १. म्हणजे तिनें दोन्ही लांबलचक ओळी सोडून दिल्या आणि फक्त कोपऱ्यांतला ठिपका मोजला!

ठिपक्याचे तुकडे होत नाहींत, पण लांबीचे होतात. म्हणून आतां १० हात लांब व ६ हात रुंद असा एक आयत घेऊं. लांबी-रुंदी दोन्ही एक दशांश हातानें वाढवूं. १०.१ गुणिले ६.१ बरोबर ६१.६१. क्षेत्रफळाची वाढ १.६१ झाली, म्हणजे बाजूंच्या वाढीच्या १६.१ पट. एक शतांश हातानें वाढविलें तर क्षेत्रफळ ६०.१६०१ होतें, आणि पट १६.०१ येते. प्रथम १७, मग १६.१, मग १६.०१. ही पट १६ कडे चालली आहे, हें उघड दिसतें. वरचा जो अंश घटत जातो, तो कोपऱ्याचा. लांबट पट्टे वाढीच्या प्रमाणांत लहान होतात, पण कोपरा दोन्ही बाजूंनीं आक्रसतो, म्हणून तो फार लवकर नाहींसा होतो. शेवटीं उरतात ते दोन पट्टे, १० आणि ६. गुणाकाराचा नियम हाच. पहिली राशि गुणिले दुसरीचा दर, अधिक दुसरी राशि गुणिले पहिलीचा दर.

हा नियम ताडून पाहावयाचा असेल तर क्षचा वर्ग गुणिले क्षचा घन घ्यावा. हा गुणाकार म्हणजे क्षचा पांचवा घात, आणि त्याचा दर पांच गुणिले क्षचा चौथा घात, हें पुस्तकांत असतें. नुसते दर गुणले तर दोन क्ष आणि तीन क्षवर्ग मिळून सहा क्षघन येतात, तें चूक. नियमानें केलें तर क्षच्या चौथ्या घाताचे दोन आणि तीन असे पांच येतात, तें बरोबर. नातीचें उदाहरणहि असेंच सुटतें. दोन क्ष गुणिले ज्या, अधिक क्षवर्ग गुणिले कोटिज्या. तिच्या उत्तरांत ज्या आणि क्षवर्ग या दोन्ही मूळ राशि मुळींच उरल्या नव्हत्या. ती खूण दिसतांच चूक ओळखावी.

आणि तो दुकानदार? किंमत १०० आणि खप १०० धरा, म्हणजे विक्री १०,०००. किमतीच्या वाढीमुळें १० गुणिले १००, म्हणजे १,००० चा एक पट्टा आला. खपाच्या वाढीमुळें २० गुणिले १००, म्हणजे २,००० चा दुसरा. कोपऱ्यांत १० गुणिले २०, म्हणजे २००. दहा हजारांवर दोनशें म्हणजे शेकडा २. तेच ते वरचे दोन! वाढ मोठी होती म्हणून कोपरा दिसला. किंमत शेकडा १ आणि खप शेकडा २ वाढला असता, तर कोपरा शंभरांत अवघा दोन शतांश उरला असता आणि कोणाच्या लक्षांतहि आला नसता.

माझ्या नातीला या चुकीची लाज वाटत होती. तिला मीं लाइबनिट्सची हकीकत सांगितली. हें शास्त्र घडविणाऱ्या दोघांपैकीं तो एक, दुसरा न्यूटन. १६७५ सालच्या ११ नोव्हेंबरच्या टिपणांत लाइबनिट्सनें स्वतःलाच हा प्रश्न घातला आहे कीं, गुणाकाराची वाढ म्हणजे वाढींचा गुणाकार होय काय, आणि भागाकाराचेंहि तसेंच काय? उदाहरण करून पाहिल्यावर तसें होत नाहीं, हें त्याला आढळलें. पुढें १६८४ सालीं ‘आक्टा एरुडिटोरम’ या लाइप्झिगच्या नियतकालिकांत त्यानें खरे नियम छापले. जो प्रश्न त्याला स्वतःला विचारावासा वाटला, तो बारावींतल्या मुलीनें विचारला तर तिला हंसण्याचें कारण काय? आणि तो कोपरा टाकून द्यावयाचा अधिकार कोणी दिला, यावरहि वाद झाला. १७३४ सालीं बर्क्ली या पाद्र्यानें न्यूटनच्या अनुयायांस नेमकें यावरच धारेवर धरलें. कांहीं आहे म्हणून भागतां आणि मग कांहीं नाहीं म्हणून सोडतां, हें कसें, असा त्याचा रोख होता. आक्षेप खोटा नव्हता. १८२१ सालीं कोशीनें सीमेची कल्पना नीट बांधून दाखविली, तेव्हां त्याला उत्तर मिळूं लागलें. कोपरा फेंकावयाचा नसतो. तो कोठवर घटतो तें पाहावयाचें असतें.

आतां भागाकार. एका खाणावळींत ६०० किलो धान्य आहे आणि जेवणारीं माणसें ६० आहेत. माणशीं वांटा १० किलो. धान्य महिन्याला ३० किलोंच्या दरानें वाढतें आहे आणि माणसें महिन्याला २ च्या दरानें. तर माणशीं वांटा कोणत्या दरानें वाढेल? ३० भागिले २ बरोबर १५, असें म्हटलें तर माणशीं वांटा दरमहा १५ किलोंनीं वाढूं लागेल, आणि अशी खाणावळ जगांत कोठेंहि नाहीं!

नीट विचार करूं. नवीं दोन माणसें आलीं म्हणजे त्यांनाहि चालू वांट्याप्रमाणें प्रत्येकीं १० किलो, असे २० किलो प्रथम द्यावे लागतात. वाढलेल्या ३० किलोंतून हे २० गेले, राहिले १०. ते ६० जणांत वांटले तर प्रत्येकास एक षष्ठांश किलो. हाच खरा दर. महिनाभरानंतरचा पडताळा पाहा. ६३० भागिले ६२ बरोबर सुमारें १०.१६, म्हणजे वाढ .१६ च्या आसपास. एक षष्ठांशाहून ती किंचित् कमी आहे, कारण महिना ही अगदीं लहान वाढ नव्हे.

पुस्तकांतील नियम हाच. छेद गुणिले अंशाचा दर, वजा अंश गुणिले छेदाचा दर, आणि या सर्वांस छेदाच्या वर्गानें भागावयाचें. ६० गुणिले ३० म्हणजे १,८००, त्यांतून ६०० गुणिले २, म्हणजे १,२०० वजा. उरले ६००, त्यांस ३,६०० नीं भागिलें कीं एक षष्ठांश. या नियमांत मुलें दोन ठिकाणीं अडखळतात. वजाबाकी कां आणि कोणती राशि आधीं? छेद वाढला कीं वांटा घटतो, म्हणून ज्या पदांत छेदाचा दर आहे तें पद वजा. एवढें ध्यानांत ठेवलें तर क्रम पाठ करावा लागत नाहीं.

या नियमाचा उपयोग परीक्षेपुरता नाहीं. त्याच खाणावळींत माणसें महिन्याला ३ च्या दरानें वाढलीं तर वाढीचे ३० चे ३० किलो नव्या माणसांस जातील आणि वांटा जागच्या जागीं राहील. तीं ४ च्या दरानें वाढलीं तर कोठींतलें धान्य वाढत असतांहि प्रत्येकाचा वांटा घटूं लागेल. वर्तमानपत्रांत ‘उत्पादन वाढलें’ असा मथळा दिसला, तर ‘माणशीं किती?’ असें विचारावयास आपल्याला हा नियम शिकवतो.

तिसरा नियम साखळीचा. दरांचा गुणाकार करण्याची ज्याला हौस आहे, त्याची हौस येथें पुरते. सायकल डोळ्यांपुढें आणा. पुढच्या दांतेरी चक्राला ४८ दांते आहेत आणि मागच्याला १६. पायडलाचा एक फेरा झाला कीं मागचें चाक तीन फेरे फिरतें. चाकाचा परीघ २.१ मीटर धरा. पायडल मिनिटाला ६० फेरे मारीत असेल तर सायकल मिनिटाला किती जाईल? ६० गुणिले ३ गुणिले २.१, म्हणजे ३७८ मीटर. येथें दोन स्वतंत्र राशींचा गुणाकार नाहीं. एकीची हालचाल दुसरीला ढकलते, दुसरी तिसरीला ढकलते. प्रत्येक कडी आपल्या पटीनें वाढवीत जाते, म्हणून पटींचा गुणाकार. साखळीचा नियम म्हणतात तो हाच.

फक्त एक सावधगिरी पाहिजे. सायकलींत प्रत्येक कडीचा दर कायम असतो, इतरत्र तो जागेगणिक बदलतो. संथ पाण्यांत खडा टाकला कीं वर्तुळ पसरतें. त्रिज्या सेकंदाला २० सेंटिमीटर वाढते आहे असें धरा. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा त्रिज्येशीं दर म्हणजे त्याचा परीघ, कारण त्रिज्या किंचित् वाढली कीं वर्तुळाभोवतीं परिघाएवढी लांब पट्टी चढते. त्रिज्या ५० सेंटिमीटर असतांना परीघ ३१४, तेव्हां क्षेत्रफळ सेकंदाला ३१४ गुणिले २०, म्हणजे ६,२८० चौरस सेंटिमीटर वाढतें. तीच त्रिज्या १०० झाली कीं दर दुप्पट, १२,५६०. खडा तोच, लाट तीच, पण बाहेरच्या कडीचा दर वर्तुळ ज्या घडीला जेथें पोंचलें असेल तेथलाच घ्यावयाचा. म्हणून क्षवर्गाच्या ज्येचा दर काढतांना कोटिज्या घ्यावयाची ती क्षवर्गाचीच आणि मग तिला दोन क्षनें गुणावयाचें. आंतल्या राशीला हात न लावतां बाहेरचा दर, आणि मग आंतला दर.

या गुणाकाराशीं आपल्याकडचे ज्योतिषी अपरिचित नव्हते. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या सिद्धांतशिरोमणींत ग्रहाची तात्कालिक गति सांगितली आहे. ग्रहाच्या मध्यम स्थानास जी दुरुस्ती द्यावयाची ती एका कोनाच्या ज्येवर अवलंबून असते, आणि तो कोन तर क्षणोक्षणीं बदलतो. त्या दुरुस्तीची गति काढण्यास त्यांनीं कोटिज्येचें मान घेऊन तें त्या कोनाच्या गतीनें गुणावयास आणि त्रिज्येनें भागावयास सांगितलें. बाहेरच्या ज्येचा दर आणि आंतल्या कोनाचा दर, यांचाच हा गुणाकार. सर्व फलांस लागू पडणारा असा नियम त्यांनीं मांडला नाहीं, म्हणून नसता अभिमान नको. पण साखळीच्या दोन कड्या तेथें जोडलेल्या आहेत, हें खरें. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिला. त्याचा शिलालेख चाळीसगांवाजवळ पाटणें येथें आहे आणि त्याचा काळ १२०७ सालचा आहे.

तीनहि नियम समजले तरी उदाहरण समोर आलें कीं कोणता कोठें लावावा, असा गोंधळ होतो. त्यावर एक साधा उपाय आहे. क्षच्या जागीं एखादी संख्या घालून किंमत काढावयास बसा, आणि सर्वांत शेवटची क्रिया कोणती होते तें पाहा. शेवटीं गुणाकार केला तर गुणाकाराचा नियम, भागाकार केला तर भागाकाराचा. मिळालेल्या संख्येचा घात केला किंवा तिची ज्या घेतली, तर साखळीचा.

उदाहरणार्थ, क्ष गुणिले ‘तीन क्ष अधिक एक’चा वर्ग. शेवटची क्रिया गुणाकार, म्हणून दोन पदें येणार. पहिलें पद तो कंस वर्ग तसाच. दुसऱ्या पदांत क्ष गुणिले वर्गाचा दर, आणि त्या वर्गाच्या आंत आणखी एक कडी आहे, तिचा दर ३. क्ष १ असतांना कंस ४. पहिलें पद १६. दुसरें पद १ गुणिले २ गुणिले ४ गुणिले ३, म्हणजे २४. एकूण ४०. कंस सोडवून केलें तर नऊ क्षघन, सहा क्षवर्ग आणि एक क्ष मिळतात, त्यांचे दर २७, १२ आणि १, बेरीज ४०. आंतली कडी विसरली असती तर ३ नें गुणणें राहून २४ वरच थांबलों असतों. मुलांनीं असा एकदां दोन वाटांनीं जाऊन मेळ पाहिला, कीं नियमावर त्यांचा स्वतःचा विश्वास बसतो. मग तो गुरुजींच्या सांगण्यावर राहत नाहीं.

श्रोतेहो, आपल्या घरांतील मूल वही घेऊन आपणांकडे येईल आणि ‘असें कां?’ म्हणून विचारील. उत्तर ठाऊक नसलें तर तसें सांगावें, त्यांत कमीपणा नाहीं. मग थोडे ठिपके काढावे आणि त्याच्याबरोबर मोजीत बसावें. मीं एका मुलाच्या बाबतींत हें केलें नाहीं. तो आतां चाळिशी ओलांडलेला संसारी गृहस्थ असेल. कोणास ठाऊक, हें भाषण तो ऐकतहि असेल. ऐकत असला तर त्याला माझें एवढेंच सांगणें आहे. बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. ते वरचे दोन कोपऱ्यांतले होते. तूं ते पाहिलेस, मीं पाहिले नाहींत.